वस्तू क्रमांक २२१७

३ मार्च, सोमवार

पत्र आलं. जाड पाकीट, वर हिरवं पान छापलेलं. हिरवं पान दिसलं की समजायचं – कुणाला तरी घराबाहेर काढणार आहेत.

आमची इमारत 'चक्राकार' होणार! पाडायची नाही, फेकायचं काही नाही. या जुन्या बेकारी-भत्ता कचेरीतच एकेचाळीस घरं करायची. विटा त्याच, दारं तीच, संडाससुद्धा तेच. फक्त माणसं नवी.

त्या एकेचाळिसांत माझं नाव नाही. असायचं कारणही नाही. मी भाडेकरू नव्हे, राखणदार. रिकाम्या इमारतीत कुणी घुसून ठाण मांडू नये म्हणून कंपनी आमच्यासारख्यांना आधीच आणून बसवते. अठ्ठावीस दिवसांची नोटीस आली की उठायचं. मेणबत्ती लावायची नाही, कुत्रं पाळायचं नाही, तक्रार करायची नाही. सहा वर्षं झाली, एक मेणबत्ती लावलेली नाही.

सरकारी घरांच्या यादीत माझा नंबर यायला अजून नऊ वर्षं. तेव्हा मी त्रेसष्टची असेन. तोवर कुठे? धाकट्या बहिणीकडे, आपेलडोर्नला, माळ्यावर? खोनी मला रोज सकाळी माझ्या आयुष्यात काय चुकलं ते सांगेल. क्रमवार.

पत्र खाली वुबोला वाचून दाखवलं. इमारतीत आता आम्ही दोघंच. तो दफ्तरखान्यात राहतो, लोखंडी कपाटांच्या मधे. सदुसष्ट वर्षांचा. चाळीस वर्षं कालव्यावरचा पूल चालवला – बोट आली की वर, बोट गेली की खाली. मग पूल आपोआप चालायला लागला आणि वुबो राखणदार झाला.

"एकेचाळीस कुटुंबं येणार! छान की, बाई."

"आणि आपण?"

"आपण?" त्याने विचार केला. "आपण आधीचे."

६ मार्च

गृहनिर्माण संस्थेची 'चक्राकार मार्गदर्शिका' आली. आनेलोट. वय एकतीस. चष्मा मासेमारीच्या जाळ्यांपासून केलेला, बूट टायरचे, पिशवी ट्रकच्या ताडपत्रीची. नुसती उभी राहिली तरी बंदरावर आल्यासारखं वाटतं.

"हेर्मीनाबाई, आमच्याकडे कचरा नावाची गोष्टच नाही. प्रत्येक गोष्टीला पुढचं आयुष्य आहे!"

"राखणदारांना?"

"त्याचा विभाग वेगळा आहे," ती म्हणाली, आणि लाजली. लाजली म्हणून बरी वाटली. नाहीतर मी तिला कॉफी देणार नव्हते.

जाताना प्रत्येक गोष्टीवर चिकटपट्ट्या लावून गेली. हिरवी – इथेच राहणार. निळी – दुसऱ्या इमारतीत जाणार. पिवळी – विचाराधीन. माझ्या खोलीच्या दाराला पिवळी.

१० मार्च

विटांची कापणी सुरू झाली. कापणीच म्हणतात! मागची भिंत 'पिकली' आहे म्हणे.

पण विटा सिमेंटमध्ये बसवलेल्या. जुना चुना असता तर हातोडीने सुटल्या असत्या, सिमेंट सोडत नाही. म्हणून भिंतीचे चौकोनी तुकडे करवतीने कापले, क्रमांक घातले, पुढच्या अंगणात नेले आणि झाकून ठेवले. परत आणून त्याच भोकात बसवणार. "मग काढल्या कशाला?" मी विचारलं. मुकादम म्हणाला, "बाई, काढल्याशिवाय परत वापरल्या असं कसं म्हणणार?"

बरोबर आहे. मला सुचलं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

आज मोजणीवाला आला. सिट्से, फ्रिसलंडचा. त्या माणसाला देवाने दिवसाला पाच शब्दांचं रेशन ठरवून दिलेलं असावं.

तिपाईवर फिरतं यंत्र. खोलीत ठेवलं की ते सगळं टिपतं – रेडिएटर, दिवे, बिजागऱ्या. मी तेव्हा टेबलाशी बसून कॉफी-यंत्राच्या माहितीपत्रकातल्या चुका काढत होते (पोटापाण्याचा धंदा). पाठीमागे भिंत नाही, नुसती ताडपत्री, म्हणून अंगात राखाडी गाऊन, डोक्यावर त्याचीच टोपी ओढलेली.

"मी बाहेर जाऊ?"

"हलू नका," सिट्से म्हणाला.

हलले नाही. चार मिनिटं. यंत्र गरगर फिरलं, हिरवा दिवा लागला. तो गेला. दोन शब्दांत काम. तीन उरले असतील, ते बायकोला.

वुबो नव्हता. बुधवार – बाजारात हेरिंगच्या गाडीवर. शेपटीला धरून दोन मासे घशात सोडतो आणि तासभर त्या गाडीवाल्याशी पुलाबद्दल बोलतो.

२० मार्च

यादी लागली. खाली प्रवेशद्वाराशी, चौतीस पानं. माझी खोड – छापील काही दिसलं की चुका शोधत जायचं. 'बिजागरी' तीन ठिकाणी चुकलेली. पान एकतीसवर थांबले.

'क्र. २२१७. तिसरा मजला, खोली ३०८. बैठी आकृती, आसनासह. आवरण: कापडी, राखाडी. वय: अंदाजे पन्नास वर्षे. स्थिती: मध्यम. हिरवी – जागेवरच ठेवावी.'

तीनदा वाचलं.

मध्यम!

२१ मार्च

आनेलोटला फोन केला. ती आधी हसली. मग कागद चाळल्याचा आवाज. मग हसायची थांबली.

"बाई, यादी दाखल झालीय. कुलूपबंद आहे."

"मग उघडा."

"एक ओळ खोडायची तरी सगळ्या संबंधितांना बोलवावं लागतं. चौदा आठवडे. आणि..." इथे तिचा आवाज अगदी बारीक. "संबंधितांत तुम्हीही येता. वस्तू म्हणून नव्हे, शेजारी म्हणून. म्हणजे दोन्ही म्हणून."

"म्हणजे मला काढून टाकायला माझी परवानगी लागेल?"

"तुमचं मत घ्यावं लागेल. लेखी."

मग ती म्हणाली, आपण सध्या हे असंच ठेवू. कुणाच्या लक्षात येणार नाही. २३४० वस्तूंत एक बाई.

वुबोला सांगितलं. त्याने खुर्चीभोवती एक चक्कर मारली, माझ्याकडे नीट पाहिलं.

"मध्यम? मी 'बरी' म्हटलं असतं."

४ एप्रिल

बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेतली फरशी आली. लाकडी, सुरेख. माझ्या मजल्याच्या बोळात घातली – बास्केटबॉलच्या रेषांसकट. फळ्या लांबीने लावल्यामुळे रेषा जुळत नाहीत. अर्धं वर्तुळ संडासाशी सुरू होतं आणि जिन्यापाशी संपतं.

तरणतलावातली कपाटं आली, ती स्वयंपाकघरात बसणार. आतून अजून क्लोरीनचा वास. एकात कुणाचा तरी पोहण्याचा चष्मा सापडला. त्यालाही क्रमांक मिळाला.

वुबो रेषेवर उभा राहून संत्री फेकत होता. आपल्याच ट्यूबामध्ये. गावच्या बँडमध्ये तो ते अजस्र पितळी भोंगाड वाजवतो. दहातली चार आत गेली. मग एक अडकलं. संध्याकाळपर्यंत मी त्याचे पाय धरलेले, तो डोकं आत घालून, आणि आतून आवाज – "दिसतंय! दिसतंय!"

सहा वर्षांत मी या माणसाच्या ट्यूबाबद्दल कंपनीला तीन तक्रारी लिहिल्या. पाठवली एकही नाही. (तक्रार करायची नाही – नियम.)

२६ एप्रिल, शनिवार

राजाचा वाढदिवस. अख्खं गाव नारिंगी, कुत्र्यांच्या गळ्यातही रिबिनी. आजच्या दिवशी रस्त्याच्या कडेला जे मांडलंय ते विकायला, हे शेंबड्या पोराला कळतं. एवढी चक्राकार आनेलोट, तिला नाही सुचलं!

काल संध्याकाळी तिच्या माणसांनी चौदा दारं घासूनपुसून फूटपाथवर भिंतीशी टेकवून ठेवली. वाळायला. खाली स्वच्छ चादर घातलेली. प्रत्येकावर हिरवी पट्टी, क्रमांक. याहून सुंदर दुकान आज गावात नव्हतं.

आमच्याच दारात बँड वाजत होता. लोक वुबोला विचारायचे, "ही दारं तुमची का हो?" त्याच्या तोंडात ट्यूबा. तो बोलणार कसा? भुवया वर करून मान हलवायचा – ताल धरायला. लोकांना वाटलं, हो म्हणतोय. दुपारपर्यंत चौदाच्या चौदा गेली. सायकलवर आडवी घालून! एक जोडपं तर एका दाराच्या दोन बाजूंनी चालत होतं, आणि एकमेकांना दिसत नसल्यामुळे भांडत होतं.

माझ्या खोलीचंही त्यात गेलं – परवाच पिवळीची हिरवी झालेली. आता पडदा लावलाय.

२८ एप्रिल

आनेलोट आली. रडलेली. माझ्या टेबलाशी बसली आणि गणित मांडलं.

प्रमाणपत्रासाठी वस्तूंपैकी पंचाण्णव टक्के मोजणीप्रमाणे असायला हव्यात. २३४० चे पंचाण्णव टक्के – २२२३. कापताना-हलवताना एकशे तीन आधीच मोडलेल्या, चौदा दारं गेल्यावर उरल्या २२२३.

"बरोबर आहेत की!" मी म्हटलं.

"तुमच्यासकट."

ताडपत्री फडफडत होती.

"प्रमाणपत्र नाही मिळालं तर?"

"तर चक्राकार नाही. चक्राकार नाही तर पाडून टाकायची. आराखड्यात तसंच लिहिलंय – एक तर सगळं वाचवायचं, नाही तर काहीच नाही."

"हे कुणी लिहिलं?"

"मी," आनेलोट म्हणाली. "तेव्हा खूप छान वाटलं होतं."

६ मे

आज ती कायदा घेऊन आली. तपासणी १२ जूनला, सकाळी दहाला. प्रत्येक हिरवी वस्तू तिच्या जागी, तशाच स्थितीत हवी. एकदा खूण पडली की ती इमारतीचा भाग. पन्नास वर्षं तिला कुणी हलवू शकत नाही.

"पन्नास वर्षं?"

"किमान."

"आणि घर?"

"तुमच्याभोवती बांधणार. ३०८ चं घर तुमच्या खुर्चीभोवती आखलंय. स्वयंपाकघर डावीकडे चालेल ना?"

चालेल ना! अकरा वर्षं सरकारी यादीत माणूस म्हणून उभी होते, नंबर लागला नाही. खुर्ची म्हणून चार मिनिटं बसले आणि स्वयंपाकघर कुठे हवं ते विचारताहेत!

उजवीकडे सांगितलं. सकाळचं ऊन तिकडे येतं.

आज खूप दिवसांनी शीळ घातली. भांडी घासताना. लाज वाटत नाहीये, लिहून ठेवते.

१४ मे, बुधवार

संध्याकाळी सभा. खालच्या दालनात, गोल मांडलेल्या खुर्च्या. संस्था, नगरपालिका, कंपनी, समोरचा फुलवाला, आणि आम्ही दोघं. विषय: २२१७ कायम करणे (घर आखायचं म्हटल्यावर लपवून चालेना). प्रत्येकाने बोलायचं, प्रत्येकाचं ऐकायचं, सगळ्यांचं जमलं तरच पुढे. एकाने जरी हरकत घेतली तरी चौदा आठवडे सगळं बंद – तपासणी, बांधकाम, नोटिसा, सगळं.

नगरपालिकेचे साहेब म्हणाले, "तत्त्वतः मला शंका आहे, पण तिच्यासोबत जगता येईल." कंपनीची बाई म्हणाली, तिलाही जगता येईल. फुलवाल्याने विचारलं, सायकली कुठे लावणार. दर सभेत विचारतो.

मी विचारलं, "आणि वुबो? तोही सहा वर्षं इथे आहे."

सगळ्यांनी सिट्सेकडे पाहिलं.

"यादीत नाही."

"तो बाजारात होता!"

"हो," सिट्से म्हणाला. एकूण तीन शब्द.

आनेलोटने समजावलं – वस्तू असती तर वाचवली असती. पण ज्याची मोजणीच नाही, ते वाचवलं की नाही हे दाखवणार कसं? कंपनीच्या बाईने पिशवीतून एक पाकीट अर्धवट बाहेर काढलं, पुन्हा आत सरकवलं. मी पाहिलं. वुबोनेही पाहिलं.

मग त्याची पाळी. मला वाटलं – घेतो आता हरकत. घेच म्हणाले मनात. म्हणाले का? खरं लिहायचं तर नाही म्हणाले. खरं लिहायचं तर श्वास रोखून बसले होते.

वुबो उठला. बँडच्या तालमीला जायचं म्हणून कोट घालूनच आला होता.

"माझी काही हरकत नाही," म्हणाला. आणि बसला.

१५ मे

वुबोची नोटीस. पाकीट तेच. अठ्ठावीस दिवस – १२ जून.

"हरकत का नाही घेतलीस? चौदा आठवडे मिळाले असते, मूर्खा!"

"आणि तुझं?"

"माझं मी बघितलं असतं."

"बाई, मी चाळीस वर्षं पूल चालवलाय. एक बोट अडवली की मागच्या सगळ्या अडतात. कशाला?"

मला इतका राग आला की मी त्याला मटारचं सूप न देताच वर आले. मग सगळं मीच प्यायले. पोट बिघडलं.

२२ मे

वुबो सायकलवरून राखणदार कंपन्या पालथ्या घालतोय. पहिली म्हणाली, पासष्टपुढे घेत नाही. दुसरी म्हणाली, जिने चढता येतात का? तो म्हणाला, येतात. म्हणाले, आमच्याकडे जिनेच नाहीत, विमानतळाचं गोदाम आहे. रात्री विमानं उतरतात.

"घे की!"

"ट्यूबा घेऊन येऊ का विचारलं. म्हणाले, आवाजाचा नियम आहे. विमानतळावर!"

खूप हसला. मीही हसले. मग तो खाली गेला आणि मी ऐकत बसले, वाजवतोय का. नाही वाजवलं.

सरकारी यादीत त्याचं आज नाव घातलं तर वीस वर्षं. मी मोजलं. त्याला नाही सांगितलं.

२ जून

आज त्याचा तिरस्कार केला. खरंच. सकाळपासून. हा माणूस मागत का नाही? मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. 'माझी नऊ वर्षं, माझी खुर्ची, माझं स्वयंपाकघर उजवीकडे' – सगळी उत्तरं तयार आहेत. प्रश्नच विचारत नाही.

उलट विचारतो, "उजवीकडे घेतलंस ते बरं केलंस. ऊन येतं."

८ जून

वुबोचं सामान तीन खोक्यांत मावलं. चौथं मी दिलं होतं, ते घडी करून परत केलं. नेदरलँड्समधला सगळ्यात चक्राकार माणूस, आणि यादीत नाही.

१० जून

खोनीला फोन. तिच्या माळ्याचं छत उतरतं आहे, उभं राहिलं की डोकं लागतं. म्हणाली, "का गं, आता काय केलंस?"

१२ जून, गुरुवार. आपेलडोर्न.

सकाळी आठला वुबोला वर बोलावलं. म्हटलं, पाव आणते, तोवर बस. गार आहे, माझा गाऊन घाल, टोपी ओढ. कुणी आलं तर हलू नको, बोलू नको. साडेआठच्या गाडीने निघाले. पाहणी दहाला.

आत्ता त्याचा फोन आला. तपासनीस बराच वेळ त्याच्यासमोर उभा होता म्हणे. "यादीत मिशा नाहीत," म्हणाला. आनेलोट पांढरीफटक. मग सिट्से बोलला. बोलला! "नंतर आल्या. जुन्या वस्तूंचं होतं असं." सहा शब्द. पाचांचा हिशोब माझाच चुकला असावा.

खूण पडली. वुबो ओरडत होता – बाई, हे काय करून ठेवलंस, मी आत्ता उठतो, आत्ता जाऊन सांगतो! म्हटलं, सांग. एक वस्तू कमी झाली की अख्खी इमारत पाडतील. एकेचाळीस कुटुंबं. अडव बोट.

मग त्याने विचारलं, पाव कुठाय.

पन्नास वर्षं. तो एकशे सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याला कुणी ऊठ म्हणू शकत नाही.